नसलेला मामा

चपराक बसली धाकट्याच्या कानाखाली आणि बधिर झाला थोरल्याचा गाल. हे कुठल्याच शास्त्रात बसत नाही, हे थोरल्याला कळत होतं. कशात काय बसतं आणि काय बसत नाही हे ठरवण्यातच त्याचा जन्म गेला होता. तरी त्या सकाळपासून डाव्या गालाचा एक तुकडा, पोस्टाच्या तिकिटाएवढा, दात उपटण्याआधी सुई टोचल्यावर होतो तसा झाला होता खरा. दाढीचं पातं तिथून गेलेलं कळायचं नाही. गरम कप टेकवला तर नुसतं काहीतरी टेकलंय एवढंच. तो बोटानं दाबून बघायचा, मग उजवा गाल दाबायचा, मग पुन्हा डावा. बेरीज न जुळणारा कारकून दोन रकमांकडे आळीपाळीनं बघतो तसा. धाकटा म्हणायचा, "मार मी खाल्लाय. तू काय गाल चाचपतोस?" आणि हसायचा, जरा मोठ्यानं. हल्ली तो सगळंच जरा मोठ्यानं करायचा.

थोरला आणि धाकटा ही नावं वरच्या मजल्यावरच्या काकूंनी पाडलेली. धाकटा खरं म्हणजे दोन वर्षांनी मोठा. पण टक्कल आधी थोरल्याला पडलं, चष्मा आधी त्याला लागला, आणि जिन्यात कुणी भेटलं तर दोन शब्द बोलायचे सोडून मान हलवून वाट द्यायची खोड त्याची. तेव्हा थोरला हाच, असा काकूंनी निकाल दिला, आणि अपील कुठे करायचं ते दोघांनाही माहीत नव्हतं. त्या सकाळी काकूही बसस्टॉपवर होत्या. बस येत नव्हती. धाकट्याच्या हातात भाजीची पिशवी, थोरल्याच्या कानामागे दाढीच्या साबणाचा वाळलेला फेस. धाकट्यानं अंगठा जिभेला लावला आणि तो पुसला. आईनं पोराचा पुसावा, न्हाव्यानं गिऱ्हाइकाचा पुसावा, तसा. पुढे थोरल्यानं हा प्रसंग मनात इतक्यांदा वाचला की त्या अंगठ्याला वजन आलं, लांबीरुंदी आली, किती वेळ टेकला आणि कुठे थांबला याचे तपशील आले, आणि मग कुठले तपशील तेव्हाचे आणि कुठले वाचण्यातून चिकटलेले हे त्याला सांगता येईना. रस्त्याच्या कडेला मोटरसायकल लावून एक जण बायकोची वाट बघत होता. तिशीतला, इस्त्रीचा शर्ट, हेल्मेट काखेत. तो चालत आला. पेटीत पत्र टाकायला जावं तितक्या स्वस्थपणे आला. म्हणाला, "लाज नाही वाटत? बायकापोरं उभी आहेत इथं." धाकटा म्हणाला, "काय झालं, दादा?" आणि तो 'दादा' तोंडातून धड बाहेर पडायच्या आत आवाज आला, दगडावर ओलं धुणं आपटल्यासारखा. पिशवी सुटली. लिंबं घरंगळत पार गटाराच्या काठापर्यंत गेली. आणि मग लोकांनी ती गोळा केली, हे थोरल्याला बाकी सगळ्यापेक्षा स्वच्छ आठवायचं. एक म्हातारा, शाळेच्या गणवेशातली एक मुलगी, काकू, सगळे वाकून लिंबं वेचत होते. मोटरसायकलवाल्याची बायको तेवढ्यात दुकानातून आली होती. तिनंही चपलेशी आलेलं एक लिंबू उचलून दिलं, मग मागच्या सीटवर बसली आणि दोघं गेली. एकही लिंबू हरवलं नाही. लोक चांगले होते. मारणाऱ्याला कुणी काही बोललं नाही, मार खाणाऱ्यालाही नाही, कुणाचं कुणाकडे काही राहिलं नाही. फक्त काकूंनी गाडीचा नंबर पाठ केला आणि बसमध्ये चढेपर्यंत तो पुटपुटत राहिल्या.

एक कानाखाली म्हणजे काय मोठंसं, असं कुणीही म्हटलं असतं. थोरल्यानंही म्हटलं असतं. तो ज्या संस्थेत काम करायचा तिथे त्याच्या टेबलावर येणाऱ्या माणसांच्या मानानं एक कानाखाली हे काहीच नव्हतं. पण धाकटा पाणीखात्यात गळती ऐकायचा. पहाटे रहदारी सुरू व्हायच्या आत तो लाकडी वाटी बसवलेली लोखंडी सळई घेऊन निघायचा, सळईचं टोक रस्त्यावर टेकवून वाटी डाव्या कानाला लावायचा आणि जमिनीखाली नळ कुठे फुटलाय ते ऐकायचा. ऐकू आलं की खडूनं फुली मारायची. बाकीचे येऊन तिथे खणायचे. खात्यातले लोक त्याला कानसेन म्हणायचे, आणि त्याच्या फुलीवर पैज लावायला कुणी तयार होत नसे, कारण हरणारा आधीच ठरलेला. "उजवा कान माणसांचा, डावा पाण्याचा," असं तो म्हणायचा, आणि थोरल्यानं सांगितलेलं एखादं काम विसरला की "चुकीच्या कानात बोललास" म्हणून हात झटकायचा. डाव्या कानाचा पडदा फाटला होता. डॉक्टर म्हणाले, भरून येईल, पण पहिल्यासारखं ऐकू येईलच असं सांगता येत नाही. पट्टी निघाल्यावर त्यानं उजव्या कानावर भागवून बघितलं. उजव्या कानाला सगळीकडेच पाणी ऐकू यायला लागलं. एके ठिकाणी त्यानं फुली मारली, लोकांनी कमरेइतका खड्डा खणला, आणि खाली कोरडी खडखडीत माती. कुणी हसलं नाही, हे त्यानं घरी येऊन सांगितलं. "हसले असते तर बरं झालं असतं रे," म्हणाला, आणि सळई दाराआड नेहमीच्या जागी न ठेवता पलंगाखाली सरकवली. पुढच्या आठवड्यापासून त्याला तक्रारखिडकीवर बसवलं. तिथे लोक काचेपलीकडून बोलत आणि तो प्रत्येकाला दोनदा विचारी.

पोलीसठाण्यावर जायचं ठरवलं थोरल्यानंच, आणि गेल्यावर चूकही त्यानंच केली. त्याची चूक त्याच्याच धंद्यातली होती. दुसऱ्या कुणाला ती जमली नसती. गेली काही वर्षं तो निकालपत्रं वाचत होता. पुरुषांवर प्रेम करणारे पुरुष, बायकांवर प्रेम करणाऱ्या बाया, जन्मतः कागदावर एक लिहिलं गेलं आणि जगायला दुसरं लागलं अशी माणसं. त्यांना कुणी मारलं, कसं मारलं, आणि मग पोलीस, वकील, न्यायाधीश काय म्हणाले. आपल्या दुकानात मेलेला एक शिंपी होता, त्याच्या आणि आरोपीच्या नात्याच्या जागी 'गिऱ्हाईक' असं लिहिलेलं आणि आरोपीचं वय लहान, पुढे आयुष्य पडलंय, म्हणून सूट. पुलाखाली सापडलेली एक बाई होती, तिला एकाच परिच्छेदात 'तो', 'ती' आणि 'सदर इसम' म्हटलेलं, आणि तिची ओळख पटवायला आलेल्या मैत्रिणींनाच दिवसभर कोठडीत बसवलेलं. थोरला हे सगळं रकान्यांत मांडायचा. त्याचा स्वतःचा एक नियम होता: डोळ्यांत पाणी आलं तर पान उलटायचं नाही, थांबायचं आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायचं. पहिल्या वर्षी एकेक निकालपत्र संपायला दिवस लागायचा. आता दुपारच्या जेवणाआधी तो बरीच हातावेगळी करायचा, आणि याला प्रगती म्हणावं का हे त्यानं कुणाला विचारलं नव्हतं. तर या एवढ्या वाचनातून निघालेली एक गोष्ट त्याला पक्की ठाऊक होती, की घरचे सोडून एखादा त्रयस्थ साक्षीदार असला तर खटला उभा राहतो, नसला तर बसतो. म्हणून जमादारानं "कुणी बघितलं का?" असं विचारल्याबरोबर त्यानं काकूंचं नाव सांगितलं. वर्गात उत्तर येणाऱ्या मुलासारखं, हात वर करून.

जमादार माणूस वाईट नव्हता. दोन बोटांनी टंकलेखन करताना प्रत्येक शब्द ओठांनी उच्चारायचा. "कारण काय घालू?" त्यानं विचारलं. धाकटा कान धरून बाकावर बसला होता. जमादारानं दोघांकडे बघितलं, एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे, आणि त्याच्या चेहऱ्यावर समजूतदारपणा पसरला. असा समजूतदारपणा थोरल्यानं निकालपत्रांत फार वाचला होता, पण समोरासमोर पहिल्यांदाच बघत होता. "गाडीला धक्काबिक्का लागला असेल," जमादार म्हणाला. "नाही का? चांगल्या घरातले दिसता. भाऊभाऊ ना तुम्ही? मग नको ते कशाला लिहायचं कागदावर?" थोरल्याची मान हलली. आपण हलवली की ती हलली, हे त्याला सांगता आलं नसतं. टंकयंत्राच्या कळा खाली गेल्या आणि मोटरसायकलीला धक्का लागला.

भाऊभाऊ. ही जुनी थाप, घराएवढीच जुनी. सोळा-सतरा वर्षांपूर्वी जागा बघायला गेले तेव्हा घरमालकानं विचारलं, दोघं कोण एकमेकांचे? आणि थोरला, ज्याला रोज साधा पत्ता सांगतानाही विचार करावा लागे, तो पटकन म्हणाला, "मामेभाऊ आहे माझा." झालं. मामेभाऊ म्हटल्यावर मामा आला. मामा म्हणजे या हिशेबानं धाकट्याचा बाप. खरा बाप कुठेतरी होता. 'मला एकच मुलगा' असं चारचौघांत सांगायचा, आणि तो एक मुलगा म्हणजे धाकट्याचा भाऊ. तेव्हा मामा कोरा करकरीत बनवावा लागला. काकूंनी चौकशी करायची आणि धाकट्यानं भर घालायची. मामाला बुद्धिबळाचा नाद. हरला की पट उधळतो. मामा रोज सकाळी वर्तमानपत्र मोठ्यानं वाचतो, शेजाऱ्यांनाही फुकटात बातम्या. मामानं तुम्हाला नमस्कार सांगितलाय, काकू. मामा म्हणाला, पोरांकडे लक्ष ठेवणारं कुणीतरी आहे, बरं वाटलं. थोरला चहा पिताना हे ऐकायचा आणि त्याला जाणवायचं की धाकटा आता काकूंसाठी बोलत नाहीये. मामा इतका चांगला झाला की काकू म्हणाल्या, "बोलवा की हो एकदा राहायला. माझ्याकडे खाट आहे रिकामी." मग काय करता? मामा आजारी पडला. थोरल्याला आजार थोडक्यात आटोपायचा होता, पण धाकट्यानं तो लांबवला. मामाला दोनदा उतार पडला. अखेर गेला. काकू डबा घेऊन खाली आल्या, धाकट्याच्या डोक्यावर हात ठेवला, आणि धाकटा रडला. खरंखुरं, नाक गळेपर्यंत, काकूंचा पदर ओला होईपर्यंत. थोरला भिंतीला टेकून उभा होता आणि कुठे बघावं त्याला कळत नव्हतं. दोन वर्षांनी खरा बाप गेल्याचं कळलं, तेही महिनाभर उशिरा, कुणाकडून तरी उडत उडत. तेव्हा धाकट्यानं "हं" म्हटलं आणि नळाचा वायसर बदलत राहिला. त्याचं रडून झालं होतं.

काकूंचा जबाब थोरल्यानं वाचला तो सरकारी वकिलाच्या खोलीत, उभ्याउभ्या. काकूंनी मारणारा ओळखला होता, नंबर सांगितला होता, हात उजवा होता हेसुद्धा सांगितलं होतं. आणि शेवटी आपणहून: 'हे दोघे सख्ख्यासारखे आते-मामेभाऊ असून सज्जन आहेत. त्यांच्यात तसले काही नाही. यांच्या मामांच्या दुखवट्याला मी स्वतः हजर होते.' काकूंनी पोरांवर पांघरूण घातलं होतं, चांगलं डोक्यापासून पायापर्यंत, आणि थोरल्याला वाचतावाचताच दिसलं की आता आतलं कुणी श्वास घ्यायचं नाही. भाऊच असतील तर मारणाऱ्याला मारायचं कारणच उरत नाही. मग उरतो तो गाडीचा धक्का, शब्दाला शब्द, किरकोळ बाचाबाची, दोघांचाही थोडाथोडा दोष. अशा निकालांसाठी त्याच्याकडे एक रकाना होता. रकाना बराच भरलेला होता.

"आणि खरं सांगितलं तर?" त्याच्या संस्थेतल्या वकीलबाई म्हणाल्या. संस्थेची खोली चष्म्याच्या दुकानाच्या वर होती. जिन्यात डोळे तपासायचा तक्ता टांगलेला, वर मोठी अक्षरं आणि खाली बारीक होत गेलेली, आणि वकीलबाई रोज चढताना शेवटची ओळ मोठ्यानं वाचून आपलं वय तपासत. प्रत्येक निकालपत्र दोघांनी वेगवेगळं वाचायचं, एकमेकांशी न बोलता, आणि मग ताडून बघायचं, अशी तिथली रीत. थोरल्याच्या जोडीला वकीलबाई होत्या. पूर्वी, कागदावर पुरुष होत्या तेव्हा, वकिली करायच्या. कोर्टात बाई म्हणून उभ्या राहायला लागल्यावर शिपायापासून सगळ्यांची पंचाईत झाली. "मला 'सर-मॅडम' म्हणायचे हो," त्या सांगत. "एका फीमध्ये दोन वकील. अशिलांना परवडायचं, मलाच परवडेना." आता त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "खरं सांगितलं तर पुढचं मी सांगते. तुमचा तो अंगठा. किती वेळ लावला? ओला होता का? कुणाच्या थुंकीनं? घरी पण असंच पुसता का? कोर्टात हशा. मग आरोपीची बाजू: साधा संसारी माणूस, बायकोसमोर असले प्रकार बघून डोकं फिरलं. चिथावणी. तोही रकाना आहे आपल्याकडे."

"आहे," थोरला म्हणाला.

"कुठला जास्त भरलाय?"

"सारखेच आहेत जवळजवळ."

"मग गंमतच आहे की." वकीलबाईंनी त्याच्याकडे रोखून बघितलं. "तुम्ही गाल काय सारखा चाचपता? दात दुखतोय?"

"दुखत नाहीये. तेच तर."

वकीलबाईंनी त्यावर काही विनोद केला नाही, आणि त्यांच्याकडून ही फार मोठी गोष्ट होती. त्या उठल्या, खिडकी लावून घेतली, पुन्हा बसल्या. म्हणाल्या, मला कुणी सल्ला विचारला नाहीये आणि मी फुकट देत नाही. फक्त एक सांगते, खोटं बोललात तर ते टिकवावं लागेल, त्या बाईंनाही आणि तुम्हालाही, जन्मभर, आणि आता त्याच्यावर सरकारी शिक्का असेल. मग त्यांनी पुढचं निकालपत्र ओढलं. थोरल्यानंही ओढलं. त्यात कुणालातरी गच्चीवरून ढकललं होतं. त्याला काही वाटलं नाही. पूर्वी वाटायचं, मग वाटून घ्यावं लागायचं, आता वाटलं नाही याचंही वाटत नव्हतं. त्याला बसस्टॉपवरची लिंबं दिसत होती, पिवळी, थोडी धूळ लागलेली, आणि ती पुन्हा पिशवीत एकेक पडतानाचा मऊ आवाज. वर्षानुवर्षं आपण या माणसांच्या मरणाचं वजन करतो, वजन बरोबर येतं, काट्यात खोट नाही. आणि घरच्या माणसाला एक कानाखाली बसली तर काटा हलत नाही. गाल दाबून बघितला. तिकीट चिकटलेलंच होतं.

धाकट्याला गाडीच्या धक्क्याचा राग आला होता. चपराकीपेक्षा जास्त. "त्याची गाडी कुठे, मी कुठे!" तो म्हणायचा, जेवताना, मधेच. "मध्ये अख्खी फळांची गाडी उभी होती. मी काय हत्ती आहे धक्का मारायला? उद्या कुणी कागद काढून वाचेल, तुझ्यासारखाच कुणीतरी रिकामटेकडा, म्हणेल हा कानसेन रस्त्यातल्या गाड्यांना धडका देत हिंडत होता." त्याची साक्ष आधीच्या तारखेला झाली होती. चपराक कशी बसली, कान कसा गेला, एवढंच विचारलं, का मारलं असं विचारल्यावर तो म्हणाला, "ते त्याला विचारा. मी गाडीला हात लावलेला नाही." कुणी नातं विचारलं नाही, ते कागदावर होतंच. घरी आल्यावर त्यानं थोरल्याला म्हटलं, "बाकीचं तुझं तू बघ. मामा तू आणलास घरात." थोरला म्हणाला, "वाढवलास तू." यावर दोघंही हसले, आणि हसता हसता धाकट्यानं मान वळवून उजवा कान पुढे केला, कारण थोरल्याचं पुढचं वाक्य त्याला ऐकू आलं नव्हतं. थोरला पुढे काही बोललाच नव्हता. हे सांगावं तर तेही मोठ्यानं सांगावं लागलं असतं. वरून काकूंच्या घरातला टीव्ही ऐकू येत होता. काकूंचं घर, वर तेच, तेवढ्याच भिंती. खरं बोललं तर या जिन्यानं उद्या कसं चढायचं? घरमालकानं काय म्हणायचं? काकू शपथेवर सांगतील ते खोटं पडेल, म्हातारीला कोर्टात खोटं पाडायचं? आणि हे सगळं कशासाठी, तर निकालपत्रातल्या एका ओळीसाठी, जी वाचून शिक्षा वाढणार नाही आणि कान परत येणार नाही. जमेच्या बाजूला काय? थोरल्यानं पुष्कळ शोधलं. जमेच्या बाजूला एक फळांची गाडी होती, जी खरोखर तिथे उभी होती.

कोर्टाच्या बाहेरच्या बाकावर तो बराच वेळ बसला. आत आधी काकूंची साक्ष झाली, मग मधली सुट्टी. मोटरसायकलवालाही व्हरांड्यात होता, तोच इस्त्रीचा शर्ट किंवा तसलाच दुसरा. बायको जवळ बसून त्याच्या कॉलरवरचा दोरा ओढून काढत होती, तो निघेना तेव्हा तिनं वाकून दातानं तोडला. कुणी तिकडे बघितलं नाही. मग पुकारा झाला. दोघंही उठले, तो आरोपीच्या जागी गेला आणि थोरला पिंजऱ्यात. मागच्या बाकावर काकू बसल्या होत्या, परीक्षा देऊन आलेल्या मुलीसारख्या, पर्स मांडीवर, चेहरा लाल. त्यांच्या शेजारी धाकटा. पण खांबाच्या आड गेलेला, डावी बाजू इकडे. काकूंनी थोरल्याकडे बघून डोळे मिटून उघडले. सगळं नीट सांगितलंय मी, असं त्यात होतं.

सरकारी वकील कागद चाळत होता. नाव झालं, वय झालं, धंदा झाला. "फिर्यादी तुमचे कोण?" वर न बघता त्यानं विचारलं. उत्तर त्याच्या कागदावर होतं, फक्त तोंडानं वदवून घ्यायचं होतं.

थोरल्याच्या मनात त्या वेळी काही मोठं चाललं होतं असं नाही. त्याला न्यायाधीशबाईंच्या टेबलावरचा पाण्याचा ग्लास दिसला, त्यावरचं झाकण थोडं तिरपं. लघुलेखकाची बोटं कळांवर ठेवलेली दिसली. हा कागद कधीतरी कुठल्यातरी खोलीत कुणाच्यातरी टेबलावर जाईल, दोघं जण तो वेगवेगळा वाचतील आणि मग ताडून बघतील, आणि त्यांचं जुळेल, हे त्याला दिसलं. जुळेल, कारण चुकीचं असलं तरी स्वच्छ लिहिलेलं असेल. तो म्हणाला, "मामा नव्हता."

"काय?" वकिलानं वर बघितलं.

"मामा नव्हताच कधी. मी बनवला होता. हे माझे मामेभाऊ नाहीत. आम्ही एकत्र राहतो. नवरा-बायको राहतात तसे, सोळा-सतरा वर्षं. त्यांनी माझ्या कानामागचा साबण पुसला म्हणून त्यांना मारलं. गाडी लांब होती. मध्ये फळांची गाडी होती." आवाज निकालपत्र वाचतानाचा, सपाट. हशा झाला नाही. पंखा चालू होता. आरोपीच्या वकिलानं खाली मान घालून काहीतरी भराभर लिहायला घेतलं आणि त्याच्या ओठांचा एक कोपरा वर गेला. ओला अंगठा आता येणार, हे थोरल्याला कळलं. लघुलेखकाची बोटं अडली होती. "बाईसाहेब, नात्याच्या जागी काय घालू?" न्यायाधीशबाईंनी थोरल्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, समजूतदारपणासुद्धा नव्हता, आणि तेवढं त्याला पुरेसं वाटलं. "ते सांगतायत तसं घाला," त्या म्हणाल्या.

अंगठा आला. किती वेळ, कुठे, घरीही का, सगळं वकीलबाईंनी म्हटलं होतं त्याच क्रमानं आलं, आणि थोरला एकेक उत्तर देत गेला. कधी कधी वकिलाचा पुढचा प्रश्न त्याला आधीच माहीत असायचा आणि तो नम्रपणे थांबून राहायचा. मग पुढची तारीख पडली. बाहेर आल्यावर काकू व्हरांड्यातल्या बाकाच्या अगदी टोकाला बसल्या. धाकटा पाणी आणायला गेला होता. थोरला जवळ जाऊन उभा राहिला. त्याला वाटलं, माफी मागावी. पण कशाकशाची, ते लावून घ्यायला वेळ लागत होता.

"एवढंएवढंसं घर तुमचं," काकू समोर बघत म्हणाल्या. "वर माझंही तेवढंच आहे. खाट कुठे बसते आणि किती खाटा बसतात ते मला दिसत नाही होय? मी काय कुकुलं बाळ आहे? सगळं माहीत होतं मला. म्हणून तर तसं सांगितलं पोलिसांना. म्हटलं, पोरांना कशाला त्रास." त्यांनी पर्सची चेन उघडली आणि लावली. "पण मामा..."

"नव्हते, काकू."

"बुद्धिबळ खेळायचे ते?"

"नाही."

"मला नमस्कार सांगायचे."

थोरल्यानं बाकावरून घसरणारी त्यांची छत्री सरळ केली.

"आठवडाभर टीव्ही लावला नव्हता हो मी," काकू म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज फाटला. "खाली माणूस गेलंय म्हणून. आवाज बंद करूनसुद्धा नाही लावला." त्या उठल्या, दोन पावलं गेल्या, मग परत येऊन बाकावर विसरलेली छत्री घेतली आणि त्याच्याकडे न बघता जिना उतरायला लागल्या, एका हातानं कठडा धरून, एकेक पायरीवर दोन्ही पाय टेकवत.

धाकटा पाण्याची बाटली घेऊन आला. काकूंच्या पाठीकडे त्यानं बघितलं, मग थोरल्याकडे. "काय झालं? आत काय म्हणालास?" तो त्याच्या मोठ्या आवाजात म्हणाला, व्हरांड्यातली माणसं वळून बघायला लागली, मोटरसायकलवाल्याची बायकोसुद्धा. "मला खांबामागून काही कळलं नाही. चुकीच्या कानात बोललास."

थोरला त्याच्या डावीकडे उभा होता, वर्षानुवर्षांच्या सवयीनं. तो मागून फिरून उजवीकडे आला. गाल तसाच होता, तो त्यानं चाचपला नाही.

"मामा गेला," तो म्हणाला.

"तो कधीच गेला की रे."

"नाही," थोरला म्हणाला, आणखी जवळ जाऊन, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "आज गेला."

धाकट्यानं बाटलीचं झाकण उघडलं होतं ते तसंच हातात राहिलं. थोडा वेळ तो उभा राहिला, मान जराशी तिरकी, जमिनीखालून काहीतरी येतंय का ते ऐकत असल्यासारखा. मग त्यानं झाकण लावलं आणि काकूंच्या मागे जिना उतरायला लागला, भराभर, दोन-दोन पायऱ्या टाकत, "काकू, थांबा, ओ काकू" अशा मोठमोठ्या हाका मारत.